चाकाभोवतीची मोकळी जागा

चि. ओंकार,

तुझा फोटो मिळाला. जिम्नीच्या शेजारी दुकानातला ३१ इंची टायर उभा केलेला, आणि खाली प्रश्न : "मामा, लिफ्ट न करता बसेल ना?" फोनवर एका शब्दात उत्तर दिलं असतं तर तू ऐकलं असतंस, पण कारण तुझ्याजवळ राहिलं नसतं. गाडी तुझी आहे, पावसाळ्यात मुळशी-ताम्हिणीच्या रानवाटांवर ती तूच चालवणार, आणि शेजारच्या सीटवर बहुतेक वेळा माझी ताई बसलेली असणार. म्हणून सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट मान्य करतो. लिफ्ट न करण्याचा तुझा विचार चांगला आहे. तुझ्या गाडीला पुढे-मागे दोन्हीकडे अखंड एक्सल आहेत. अशा गाडीत स्प्रिंग उंच केले की बॉडी आणि चेसिस वर जातात, पण एक्सलच्या मधला डिफरेन्शियलचा गोळा होता तिथेच राहतो. वाटेतला दगड आधी त्या गोळ्यालाच लागतो. गोळा जमिनीपासून उचलायचा तर टायरच मोठा हवा, दुसरा उपाय नाही. शिवाय लिफ्टने गाडीचा भार वर सरकतो, आणि जिम्नी मुळातच अरुंद आणि उभट आहे. घाटातल्या वळणावर ते अंगावर येतं. तेव्हा स्प्रिंगला हात न लावता टायर किती मोठा करता येईल, हा तुझा प्रश्न योग्यच आहे.

आता हिशेब कर. तुझ्या गाडीचा टायर १९५/८० आर १५. एकशे पंच्याण्णवाचे ऐंशी टक्के म्हणजे १५६ मिलिमीटर, ही टायरच्या भिंतीची उंची. ती वर आणि खाली धरून ३१२. त्यात १५ इंची रिमचे ३८१ मिळव. पूर्ण उंची ६९३. याच रीतीने २१५/७५ आर १५ मोजला तर ७०३ च्या आसपास येतो आणि २३५/७५ आर १५ मोजला तर ७३३. तुझा ३१ इंची जवळजवळ ७८७. पण एक्सल वर जातो तो या वाढीच्या निम्म्याने, कारण उरलेली निम्मी वाढ एक्सलच्या वरच्या बाजूला जाते. म्हणजे २१५ ने गोळा जेमतेम ५ मिलिमीटर उचलला जाईल, २३५ ने २० आणि ३१ इंचीने ४७. आणि वरच्या बाजूला गेलेले तेवढेच मिलिमीटर मडगार्डच्या आतल्या मोकळ्या जागेतून वजा होतील.

ती जागा तुला रिकामी दिसते, म्हणून भरावीशी वाटते. पण ती चाकाच्या हालचालीसाठी राखलेली आहे. खड्ड्यात चाक आदळतं तेव्हा ते वर चढतं आणि एक्सल बंप स्टॉपच्या रबराला टेकेपर्यंत चढत राहतं. एका बाजूचं चाक दगडावर आणि दुसरं खाली लोंबतंय, अशा वेळी अख्खा एक्सल तिरपा होतो आणि वर गेलेल्या चाकाचा माथा आतल्या बाजूला कलतो. त्यात स्टेअरिंग पूर्ण कापलेलं असेल तर टायरचा एक खांदा पुढच्या बंपरच्या मागच्या कोपऱ्याकडे येतो आणि दुसरा आत एक्सलच्या लांब आर्मकडे. टायर बसतो की नाही हे या तीन अवस्था एकत्र आल्यावर ठरतं. दुकानासमोर सपाट फरशीवर उभ्या गाडीत बोटं घालून बघणं म्हणजे बघणंच नव्हे.

म्हणून टायर घेण्याआधी एक दिवस माझ्याकडे काढ. मी गॅरेजमध्ये वर्षानुवर्षं एकच पद्धत वापरत आलो आहे. चेसिस घोड्यांवर घट्ट उभी करायची, पुढचे दोन्ही कॉइल स्प्रिंग काढून ठेवायचे, नव्या मापाचं चाक चढवायचं आणि एक्सल जॅकने हळूहळू वर घ्यायचा, बंप स्टॉपला टेकेपर्यंत. आधी दोन्ही बाजू एकदम, मग एकच बाजू वर आणि दुसरी खाली सोडलेली. प्रत्येक वेळी स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं. टायरच्या खांद्याला खडू फासून ठेवला की जिथे घासेल तिथे पांढरी रेघ उमटते, वादाला जागा उरत नाही. चाक खाली लोंबत असताना ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर ताणली जातात का, टायरला लागतात का, तेही त्याच वेळी बघायचं. प्लास्टिकला घासणारा टायर आवाज करून सांगतो. ब्रेकच्या होजला घासणारा टायर काही सांगत नाही.

ही तपासणी केल्यावर तुझ्या गाडीत काय दिसेल ते आत्ताच लिहून ठेवतो. २१५/७५ कुठेही घासणार नाही. २३५/७५ स्टेअरिंग पूर्ण कापल्यावर आर्मला लागेल आणि पुढच्या मडगार्डच्या आतल्या प्लास्टिक लायनरला किंवा मडफ्लॅपला चाटून जाईल. ३१ इंची सपाटीवर कसाबसा फिरेल, आणि पहिल्याच मोठ्या खड्ड्यात आतलं प्लास्टिक ओरबाडून काढेल. त्याचा विचार आजच सोड.

२३५ बद्दल दुकानदार तुला तीन उपाय सांगेल. एक, स्टेअरिंगचे स्टॉपर बोल्ट थोडे बाहेर काढायचे, म्हणजे चाक आर्मपर्यंत वळणारच नाही. हे चालतं, पण गाडीला वळायला जास्त जागा लागते, आणि रानातल्या अरुंद वाटेवर जिम्नीचं सगळं बळ तिच्या आखूड वळणात आहे. दोन, लायनर हीटगनने तापवून मागे दाबायचा, मडफ्लॅप काढायचा, बंपरचा खालचा कोपरा कापायचा. प्लास्टिकपुरतं माझी हरकत नाही. पत्र्याच्या शिवणीला मात्र हातोडा लावू द्यायचा नाही. रंग उडालेल्या जागी आपल्या पावसात गंज धरायला वेळ लागत नाही, आणि तो आतून वाढतो. तीन, बाहेर निघणारी रिम.

या तिसऱ्या उपायावर थोडा थांबतो, कारण सगळ्यात जास्त पैसे इथे जातात आणि सगळ्यात कमी विचार इथेच होतो. तुझी मूळ रिम साडेपाच इंच रुंद आहे. २३५/७५ ला साधारणपणे सहा इंच किंवा त्याहून रुंद रिम लागते. अरुंद रिमवर तो चढतो, पण मधोमध फुगतो, जमिनीला नीट टेकत नाही, आणि वळणावर त्याची भिंत लोळते. म्हणजे २३५ घेतलास की रिमही आली. मग ऑफसेटचा, म्हणजे चाक किती आत किंवा बाहेर बसतं याचा, प्रश्न आला. तुझ्या रिमचा ऑफसेट अधिक ५ आहे. बाजारात उणे २० च्या रिम सर्रास मिळतात. ती लावलीस की चाक २५ मिलिमीटर बाहेर येतं. आतल्या आर्मला घासणं थांबतं, हे खरं. पण बाहेर आलेलं चाक वळताना मोठा फेरा घेतं, त्यामुळे बंपरकडचं घासणं वाढतं. शिवाय प्रत्येक दगडाचा धक्का जास्त तरफेने स्टेअरिंगवर येतो, बेअरिंगवरचा ताण वाढतो, आणि चिखल थेट दारांवर उडतो. जाड स्पेसर लावून हेच स्वस्तात साधतात. त्याला मी माझ्या गॅरेजमध्ये हात लावत नाही आणि तुलाही लावू देणार नाही.

आता इंजिनाकडे बघ. दीड लिटरचं, १३४ न्यूटन मीटर टॉर्कचं. २३५ चा घेर जवळजवळ सहा टक्क्यांनी मोठा. तेवढा प्रत्येक गिअर लांब होतो, फोर लो सुद्धा. दगडांच्या चढणीवर जिथे गाडी आज स्वतःच्या चालीने वर सरकते, तिथे तुला क्लच अर्धवट दाबून धरावा लागेल. टायर जडही होतो, ब्रेकला जास्त झगडावं लागतं. ताम्हिणी उतरताना हा फरक पायाला कळतो. स्पीडोमीटर मूळ टायरच्या हिशेबाने चालतो, त्यामुळे तो आज ८० दाखवतो त्या जागी गाडी तेव्हा ८५ च्या जवळ धावत असेल. आणि अखंड एक्सलच्या गाडीत मोठा टायर नीट बॅलन्स झाला नाही की एका ठरावीक वेगाला स्टेअरिंग थरथरू लागतं. ते अंगावर काटा आणणारं असतं.

तुझ्या मित्राच्या थारला मोठा टायर विनातक्रार बसला, म्हणून तो आकडा आपल्याकडे आणू नकोस. तिची पुढची चाकं एकमेकांपासून स्वतंत्र हलतात, इंजिन दांडगं आहे, मूळ टायरच मोठा आहे.

कायद्याचंही ऐकून ठेव. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही अशी तरतूद आली. उद्या अपघात झाला तर विमा कंपनीचा माणूस आधी चाकं बघेल. काही करण्याआधी विमा कंपनीला लेखी विचार आणि उत्तर जपून ठेव.

माझं मत सरळ आहे. २१५/७५ आर १५ घे, ऑल टेरेन नक्षीचा, मूळ रिमवरच. लोड इंडेक्स मूळ टायरपेक्षा कमी नको, पण ट्रकला शोभेल असा दहा प्लायचाही नको. तुझी गाडी बाराशे किलोची. इतक्या हलक्या गाडीखाली तसा टायर दबतच नाही, दगडावर उड्या मारतो. आणि घ्यायचे ते पाच घे. चार नवे आणि स्टेपनी जुनी, असं करू नकोस. पंक्चर झाल्यावर वेगळ्या उंचीचं चाक लावून फोर व्हील टाकलंस की पुढचा आणि मागचा एक्सल एकमेकांशी भांडतात आणि त्याचा मार ट्रान्सफर केसला बसतो. स्टेपनी मागच्या दारावर टांगलेली असते, तेव्हा नवं चाक बंपरला टेकतं का तेही बघून घे.

५ मिलिमीटरने काय होणार, असं तू म्हणशील. उंचीने फारसं काही नाही. फरक पडेल तो नक्षीने आणि हवेने. रानवाटेवर उतरण्याआधी हवा १८ पीएसआयपर्यंत खाली आण. टायरचा पाय लांब होतो, दगडाला मिठी मारतो, ओल्या कातळावर धरून राहतो. मोठ्या टायरमधून लोकांना जे हवं असतं त्यातलं बरंच इथे मिळतं. सावकाश चालव, कारण कमी हवेचा टायर वेगात आणि झटक्याच्या वळणात रिमवरून निघू शकतो. डांबरी रस्त्याला लागण्याआधी दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे हवा परत भर. त्यासाठी चांगला गेज आणि बॅटरीवर चालणारा दणकट कंप्रेसर घे. रिमचे जे पैसे वाचतील त्यात दोन्ही येतील.

काळ्या मातीचं वेगळं. ती नक्षीत भरून बसते, आणि दोन फेऱ्यांत कुठलाही ऑल टेरेन गुळगुळीत होतो. तिथे रुंद टायर वर तरंगत घसरतो, अरुंद टायर निदान खालच्या घट्ट थरापर्यंत पोचायचा प्रयत्न करतो. इथे तुझा अरुंद टायर कामाचा आहे. तरी भर पावसात वावरातल्या वाटेला गाडी घालूच नकोस. तुझी मजा होते आणि शेतकऱ्याच्या वाटेला दोन खोल चाकोऱ्या पडतात, त्यांतून त्याची बैलगाडी वर्षभर जाते.

हे सगळं वाचूनही मन २३५ वरच असेल, तर मी रागावणार नाही. रविवारी सकाळी गाडी घेऊन कराडला ये. आपण स्प्रिंग उतरवू, माझ्याकडे एका गिऱ्हाइकाचं २३५ चं चाक आलेलं आहे, ते चढवू, आणि खडूची रेघ कुठे उमटते ते तू स्वतः बघ. येताना मूळ जॅक, नटाचा पाना आणि आरसी बरोबर आण. ताईला नमस्कार सांग, तिला म्हणावं जेवायला इथेच थांबायचं आहे.

तुझा,
मामा