दम कोठून येतो?

शालेय कबड्डी स्पर्धेचा पहिला सामना जालन्यात होता. मध्यंतराला आमचा संघ सहा गुणांनी पुढे होता. उत्तरार्धात मात्र खेळाडू धापा टाकू लागले. पाय जड झाले. पकडी सुटू लागल्या. शेवटी आम्ही दोन गुणांनी हरलो.

"सर, आम्ही कमजोर आहोत का?" संघनायकाने विचारले.

"नाही. शाळा जूनमध्ये सुरू झाली. तुम्ही सराव केव्हा सुरू केला?"

"सामन्याआधी चार दिवस, सर."

सर म्हणाले, "तुम्हांला खेळ येतो, पण शरीर तयार नव्हते. चढाई करताना स्नायूंची शक्ती झटपट खर्च होते. ती भरून यायला प्राणवायू लागतो. तो रक्तातून येतो. नियमित सरावाने हृदय एका ठोक्यात जास्त रक्त पुढे ढकलते. मग थोड्या विश्रांतीतही दम परत येतो. पण त्याला काही आठवडे लागतात."

"मोठे खेळाडूही थकतात का?"

"थकतात तर! प्रो कबड्डीचा दहावा हंगाम २ डिसेंबर २०२३ रोजी सुरू झाला. साखळीत प्रत्येक संघाला २२ सामने होते. एक सामना ४० मिनिटांचा. पुणेरी पलटणचा संघनायक होता महाराष्ट्राचा अस्लम इनामदार. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला या संघाने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून विजेतेपद मिळवले. फरक फक्त तीन गुणांचा! म्हणजे शेवटच्या मिनिटापर्यंत पाय चालायला हवेत. म्हणून असे संघ हंगामापूर्वीच सराव शिबिर घेतात."

"मग उद्यापासून आम्ही दिवसभर धावू!" एक मुलगा म्हणाला.

सर हसले. "तसे केलेस तर परवा तुला चालताही येणार नाही! एकदम ताण दिला, की दुखापत होते. सराव हळूहळू वाढवा. पाणी प्या, पुरेशी झोप घ्या. विश्रांती हाही सरावाचाच भाग आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता सगळा संघ मैदानावर हजर होता. त्या दिवशी मुलांनी फक्त दोन फेऱ्या मारल्या.

शब्दार्थ : सराव – मश्क, थकणे – थक जाना, स्नायू – पट्ठे, दुखापत – चोट.

स्वाध्याय
१. संघ उत्तरार्धात का हरला?
२. सरावाने हृदयात कोणता फरक पडतो?
३. 'विश्रांती हाही सरावाचाच भाग आहे' असे सर का म्हणाले?