मलबार पफर : आधी पाणी, मग मासा



गप्पी मासे तुम्हाला चांगलेच माहीत आहेत. डासांच्या अळ्या खाण्यासाठी आरोग्य विभागाचे कर्मचारी ते टाक्यात, डबक्यात सोडतात. गप्पी मोठा काटक, कसेही पाणी चालवून घेतो. त्यामुळे मासा पाळायचा म्हणजे काचेचे भांडे आणायचे, पाणी भरायचे आणि मासा सोडायचा, एवढेच आपल्याला वाटते. आज आपण अशा माशाची माहिती घेऊया, ज्याच्या बाबतीत असे केले तर तो काही दिवसांतच मरतो.

ओळख

या माशाचे नाव मलबार पफर. मटारच्या दाण्यासारखा दिसतो म्हणून त्याला पी पफर असेही म्हणतात. लांबी जेमतेम अडीच ते तीन सेंटिमीटर. तो केरळ आणि दक्षिण कर्नाटकातील पश्चिम घाटाच्या नद्यांत राहतो. जगात इतरत्र कुठेही तो निसर्गतः सापडत नाही. 1941 मध्ये सुंदरलाल होरा आणि नायर या शास्त्रज्ञांनी पंबा नदीतील माशांवरून त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन केले. तो भाग तेव्हा त्रावणकोर संस्थानात होता, म्हणून शास्त्रीय नावात ट्रॅव्हनकोरिकस हा शब्द आला.

कोकणातले लोक समुद्रातल्या फुगणाऱ्या माशाला केंड म्हणतात. हा त्याच कुळातला, पण गोड्या पाण्यातला. घाबरला की भराभर पाणी गिळून फुगतो. काही जण गंमत म्हणून त्याला मुद्दाम फुगवतात. तसे अजिबात करू नका. फुगणे म्हणजे त्याची भीती आहे, खेळ नाही. या कुळातल्या अनेक माशांच्या अंगात विषही असते, त्यामुळे ते खायचे नाहीत.

1) जागा किती लागते?

इथे आपले गणित कामाला येते. 1000 घन सेंमी म्हणजे 1 लिटर. टाकी 60 सेंमी लांब, 30 सेंमी रुंद आणि 40 सेंमी उंच असेल तर :

60 × 30 × 40 = 72,000 घन सेंमी = 72 लिटर

पहिल्या माशाला 20 लिटर आणि पुढच्या प्रत्येकाला 10 लिटर, असा साधा हिशेब धरा. म्हणजे या टाकीत 6 मासे राहतील. बाजारातला गोल बाऊल 4-5 लिटरचा असतो. त्यात एकही नाही! मासा लहान आहे, मग एवढी जागा कशाला? कारण तो भांडखोर आहे. नर आपली हद्द राखतो आणि दुसऱ्याला चावतो. म्हणून एका नरामागे दोन-तीन माद्या ठेवाव्यात आणि टाकीत लपायला भरपूर पाणवनस्पती असाव्यात. सोबत गप्पी ठेवले तर त्यांच्या शेपट्या कुरतडल्या गेल्याच म्हणून समजा.

2) पाणी कसे तयार करायचे?

माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. तो माशाला घातक असतो. काही जीवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात. तेही विषारीच. दुसरे जीवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात, ते बरेच कमी घातक. हे जीवाणू नव्या टाकीत नसतात. ते फिल्टरच्या स्पंजावर, वाळूवर हळूहळू वाढतात आणि त्याला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात.

म्हणून मासा आणायच्या आधीच टाकी भरा, फिल्टर सुरू करा आणि चिमूटभर माशांचे खाद्य टाकत राहा. तपासणी किटमध्ये अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसू लागले, की मगच मासा आणा. त्यानंतर दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदला. ब्लीचिंग पावडर टाकलेले नळाचे पाणी असेल तर ते एक दिवस उघडे ठेवून मग वापरा.

3) खायला काय द्यायचे?

दुकानातले कोरडे खाद्य हा मासा सहसा तोंडात घेत नाही. त्याला हलणारी शिकार हवी. छोट्या गोगलगाई त्याला फार आवडतात. कवच फोडताना त्याचे सतत वाढणारे दातही झिजतात. गोगलगाई वेगळ्या बरणीत वाढवता येतात. डासांच्या अळ्याही चालतात, पण त्यासाठी अंगणात पाणी साठवून ठेवू नका. मग आपण शाळेत शिकवलेल्या कोरड्या दिवसाला काय अर्थ राहिला?

4) आपल्याकडचा उन्हाळा

या माशाला 24 ते 28 अंश तापमान मानवते. केळापूर तालुक्यात मे महिन्यात पारा 44 अंशांच्या पुढे जातो. पाणी तापले की त्यात विरघळलेला ऑक्सिजन कमी होतो. 25 अंशाला एका लिटरमध्ये सुमारे 8.3 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 35 अंशाला सुमारे 7. म्हणून टाकी उन्हापासून दूर ठेवा आणि पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा सोडा. माठातले पाणी बाष्पीभवनाने गार होते ना, तसेच हे. तोंडावर जाळी मात्र हवी. लाईट गेली तर एअर पंपासाठी बॅटरीची सोय ठेवा.

एवढी काळजी कशासाठी?

बाजारात येणारे बरेचसे मलबार पफर नदीतून पकडलेले असतात. आययूसीएनच्या लाल यादीत या माशाची नोंद असुरक्षित अशी आहे. आपल्या बाऊलमध्ये मेलेला मासा म्हणजे त्या नदीतला एक मासा कमी. आणि कंटाळा आला म्हणून तो खुनी नदीत किंवा पैनगंगेत सोडणे हाही उपाय नाही. ते त्याचे घर नाही, आणि टाकीतले रोग नदीतल्या माशांना लागू शकतात.

सहा आठवडे थांबण्याची तयारी असेल तर हा मासा जरूर पाळा. नसेल तर आपला गप्पीच बरा!

स्वाध्याय

1. 45 × 30 × 30 सेंमीच्या टाकीत किती लिटर पाणी मावेल? त्यात किती मलबार पफर ठेवता येतील?
2. नव्या टाकीत लगेच मासा का सोडू नये? तुमच्या शब्दांत लिहा.
3. उपक्रम : सारखे पाणी भरलेली दोन भांडी घ्या. एक पंख्यासमोर ठेवा, दुसरे दूर. दोन तासांनी तापमान मोजा आणि फरक वहीत नोंदवा.