ऑलिंपिक, एशियाड बघायचं कसं?



या वेळचा आपला विषय कर्जाचा नाही आणि हिशोबाचाही नाही. टीव्हीवरच्या खेळांचा आहे. 19 सप्टेंबर ते 4 ऑक्टोबर 2026 या काळात जपानमध्ये आयची-नागोया इथं आशियाई स्पर्धा आहेत. बैठकीत हा विषय काढला की बऱ्याच जणी म्हणतात, “आम्हाला काय कळतंय त्यातलं? बघू देत गडीमाणसं.” आणि रिमोट दुसऱ्याच्या हातात जातो. पण एखादी मालिका मधूनच लागली तरी दोन दिवसांत कोण कुणाची सासू ते आपल्याला कळतंच की! खेळाचंही तसंच आहे. बघत गेलं की कळतं.

कोणती स्पर्धा कुणाची?

- ऑलिंपिक : सगळ्या जगाची, दर 4 वर्षांनी. पुढची 2028 मध्ये अमेरिकेत लॉस एंजेलिसला.
- आशियाई स्पर्धा (एशियाड) : फक्त आशियातल्या देशांची. यात आपली कबड्डीही असते.
- राष्ट्रकुल स्पर्धा : मुख्यतः पूर्वी इंग्रजांचं राज्य असलेल्या देशांची.
- पॅरालिंपिक : दिव्यांग खेळाडूंची. 2024 ला पॅरिसमध्ये आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या सचिन खिलारी यांनी गोळाफेकीत रौप्यपदक मिळवलं.

पहिल्याला सुवर्ण, दुसऱ्याला रौप्य, तिसऱ्याला कांस्य. देशांची यादी लावताना आधी सुवर्णपदकं मोजतात. म्हणून कमी पदकं असलेला देशही कधीकधी वर दिसतो.

एकच खेळ धरा

सगळं बघायला गेलं तर डोकं दुखेल. एक खेळ निवडा आणि त्याचा एक नियम समजून घ्या. उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं घेऊ.

राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं 1 ऑगस्ट 2024 ला पॅरिसमध्ये नेमबाजीत कांस्यपदक मिळवलं. त्याची आई तेव्हा गावची सरपंच होती, वडील शिक्षक. पदकाची बातमी सगळ्यांनी ऐकली, पण त्यानं नेमकं केलं काय? त्याचं लक्ष्य 50 मीटरवर होतं. त्यातला दहा गुणांचा गोल जेमतेम एक सेंटिमीटरचा, म्हणजे मोठ्या वाटाण्याएवढा. आधी गुडघ्यावर बसून 15 गोळ्या, मग पालथं पडून 15, आणि शेवटी उभं राहून. उभं राहून मारणं सगळ्यात अवघड, कारण बंदुकीला टेकू नसतो आणि श्वासाबरोबर हात हलतो. अंतिम फेरीत आठ जण असतात. उभ्यानं दहा गोळ्या झाल्या की शेवटचे दोघं बाहेर. त्यानंतर प्रत्येक गोळीला एक जण बाहेर. स्वप्नील सातव्या क्रमांकानं अंतिम फेरीत आला होता आणि 451.4 गुणांवर तिसरा राहिला.

एवढं माहीत असलं की पुढच्या वेळी नेमबाजी लागल्यावर तुम्ही चॅनल बदलणार नाही. आता कोण बाहेर जाणार, म्हणून श्वास धरून बसाल. मजा तीच असते.

कबड्डी तर आपलीच

नेमबाजी नको असेल तर कबड्डीपासून सुरुवात करा. चढाई, पकड, बोनस हे शब्द आपल्याला शाळेपासून माहीत आहेत. चढाईला 30 सेकंद मिळतात, एवढं लक्षात ठेवलं तरी चालतं. मागच्या आशियाई स्पर्धेत, 2023 ला चीनमधल्या हांगझोऊला, आपल्या मुलींनी अंतिम सामना 26-25 असा, म्हणजे एका गुणानं जिंकला. भारताचं त्या स्पर्धेतलं ते शंभरावं पदक होतं.

कोल्हापूरच्या लेकी

राही सरनोबतनं 2018 च्या आशियाई स्पर्धेत पिस्तुल नेमबाजीत सुवर्ण जिंकलं. नेमबाजीत असं वैयक्तिक सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. तेजस्विनी सावंत 2010 मध्ये जगज्जेती झाली, पण ऑलिंपिकला पहिल्यांदा गेली ती टोकियोला, वयाच्या 40 व्या वर्षी. “आता आपलं काय वय राहिलंय,” असं म्हणणाऱ्या तायांनी हे ध्यानात ठेवावं.

वेळ कधी काढायचा?

जपानचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढं आहे. तिथं संध्याकाळचे सहा, तेव्हा आपल्याकडे दुपारचे अडीच. म्हणजे बरेचसे मोठे सामने जेवणखाण आवरल्यावर, निवांत वेळेत येतील. सुरुवातीचे दिवस गणपतीच्या गडबडीत जातील, पण शेवटचा आठवडा मोकळा मिळेल. कोणत्या चॅनलवर दिसणार, ते घरातल्या मुलांना मोबाईलवर बघायला सांगा. चार-पाच जणी एका घरी जमलात तर बघायला अजून मजा येते.

यातून मिळणार काय?

पहिली गोष्ट, आनंद. अर्धा तास स्वतःसाठी बसणं हे काही रिकामपण नाही.

दुसरी गोष्ट आपल्या पोरींची. शाळेत कबड्डी, खो-खो, कुस्ती खेळणाऱ्या कितीतरी मुली आपल्या गावांत आहेत. दहावी जवळ आली, की “आता पुरे” असं घरात ठरतं. त्या वेळी खेळातलं कळणारी आई, आजी किंवा काकू घरात असेल, तर ती मुलीची बाजू मांडू शकते. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1952 ला हेलसिंकीला गेले, ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून पैसे दिले म्हणून. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक तिथून आलं. खेळाडूमागं कुणीतरी उभं राहावंच लागतं.

पुढच्या बैठकीत बोलूया

1. लहानपणी तुम्ही कोणता खेळ खेळायचात? तो कधी आणि का थांबला?
2. आपल्या गटातल्या कुणाची मुलगी खेळते? तिला बूट, प्रवास, खुराक यातलं काय कमी पडतं?
3. आशियाई स्पर्धेतला कोणता एक खेळ गटानं मिळून बघायचा?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर इतिवृत्तात लिहून ठेवा. ऑक्टोबरच्या बैठकीत काय बघितलं, ते एकमेकींना सांगूया.

— तुमची क्षेत्र समन्वयक