टेस्टोस्टेरॉन : वाढत्या मुलांना आणि त्यांच्या बाबांना काय सांगाल?



नववीत संप्रेरकांचा भाग शिकवून झाला. मधल्या सुट्टीत एक मुलगा हळूच जवळ आला. "सर, जिममधला दादा म्हणतो, इंजेक्शन घेतलं की टेस्टोस्टेरॉन वाढतं, बॉडी बनते. घेऊ का?" पाठातल्या माहितीवर याचं उत्तर देता येत नाही. तुमच्याही वर्गात, घरात हा प्रश्न येईल, म्हणून हा लेख.

टेस्टोस्टेरॉन म्हणजे काय?

हे पुरुषांमधलं मुख्य लैंगिक संप्रेरक. ते प्रामुख्याने वृषणांत तयार होतं. स्त्रियांच्या शरीरातही असतं, पण खूप कमी.

मुलांना एक गोष्ट जरूर सांगा. १८४९ साली जर्मनीत बर्टहोल्ड या शास्त्रज्ञाने लहान कोंबड्यांची वृषणं काढली. त्यांचे तुरे वाढले नाहीत, धड आरवता येईना. काहींच्या पोटात मात्र त्याने वृषण परत ठेवलं. ते चांगले तुरेबाज झाले! नसा तर तुटलेल्या होत्या. म्हणजे निरोप रक्तातून जात होता. तो निरोप्या, म्हणजेच टेस्टोस्टेरॉन, शुद्ध रूपात हाती लागायला १९३५ साल उजाडलं.

त्याचे काम

१) वयात येताना आवाज फुटणे, दाढी-मिशा येणे, स्नायू आणि हाडे वाढणे.
२) पुढे शुक्राणूंची निर्मिती, कामेच्छा, हाडांची मजबुती आणि लाल रक्तपेशी टिकवणे.

टाकीतला बॉलकॉक

आता मुख्य मुद्दा. गच्चीवरची पाण्याची टाकी आठवा. टाकी भरली की बॉलकॉक वर येतो आणि पाणी बंद होतं. आपल्या मेंदूतही असंच चालतं. अधश्चेतक आणि पीयूषिका ग्रंथी वृषणांना 'तयार करा' असा निरोप देतात. रक्तात पुरेसं टेस्टोस्टेरॉन झालं की निरोप कमी होतो.

बाहेरून इंजेक्शन घेतलं तर काय होईल? मेंदूला वाटतं, टाकी भरली! निरोप थांबतो. वृषणांचं काम मंदावतं, ती आकुंचन पावतात आणि शुक्राणूंची संख्या घटते, कधी कधी शून्यावर येते. बाहेरून दंड फुगलेले, पण बाप होण्याची क्षमता हरवलेली! बंद केल्यावरही पूर्ववत व्हायला कित्येक महिने लागू शकतात. शिवाय रक्त दाट होतं, मुरुमं येतात. वाढीच्या वयात तर हाडांची टोकं लवकर जुळून उंचीच खुंटू शकते.

आता बाबांसाठी

चाळिशीच्या आसपास टेस्टोस्टेरॉन दरवर्षी साधारण १ टक्क्याने कमी होत जातं. हा आजार नव्हे. पण थकवा आला, उत्साह गेला की जाहिरातीतल्या गोळ्या मागवू नका. आधी पोटाचा घेर, झोप, मधुमेह, दारू आणि मनावरचा ताण तपासा. वाढलेलं वजन उतरवलं की टेस्टोस्टेरॉन बऱ्याचदा आपोआप सुधारतं.

तपासणी सकाळीच करावी, कारण तेव्हा पातळी सर्वांत जास्त असते. एकदा कमी आली म्हणून घाबरू नये. दुसऱ्या दिवशी पुन्हा करून खात्री करावी. खरी कमतरता आणि त्रास दोन्ही असतील तर उपचार आहेत, पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. मूल हवं असेल तर डॉक्टरांना हे आधीच सांगा.

वर्गात काय कराल?

फळ्यावर टाकी आणि बॉलकॉक काढा. 'बाहेरून बादली ओतली तर?' एवढंच विचारा. उत्तर मुलंच देतात.

त्या मुलालाही मी हेच चित्र काढून दाखवलं. थोडा वेळ तो गप्प राहिला. मग म्हणाला, "दादाला पण दाखवू का सर?"

म्हणून सांगतो, लाजून विषय टाळू नका. आपण बोललो नाही, तर जिममधला दादा बोलणारच आहे.