मनाचा आजार आणि रक्ताचे नाते

"त्यांच्या घराण्यातच वेड आहे," असे बोलणे मुलांच्या कानी पडते. म्हणून आम्ही हा विषय घेत आहोत.

द्विध्रुवी विकारात अति उत्साह आणि खोल उदासी यांचे झटके येतात. आनुवंशिकतेचा त्यात मोठा वाटा आहे. पण तो एका जनुकाचा खेळ नाही. २०२१ च्या एका मोठ्या अभ्यासात जनुकसंचातील ६४ जागा आढळल्या. सीएसीएनए१सी हे जनुक मेंदूपेशींत कॅल्शियम शिरण्याची वाट घडवते. त्याचा एक प्रकार असलेल्या निरोगी माणसांतही भावना हाताळताना मेंदूचे कार्य वेगळे दिसले. म्हणजे वेगळेपण हा आजार नव्हे. एकसारख्या जुळ्यांतही एक आजारी, दुसरा निरोगी असे पुष्कळदा घडते.

पालकहो, घरातील आजार डॉक्टरांपासून लपवू नका. विद्यार्थ्यांनो, कोणाला चिडवू नका. आमचे दार उघडे आहे.