विषय एक, कागद अनेक
(चित्रकारांच्या रेखाटन-मंडळांचा अल्पसा अभ्यास)

चित्रकला हा माझ्या अभ्यासक्रमातील विषय नव्हे. शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या दोन ग्रेड परीक्षा दिल्या, एवढीच या क्षेत्रातील माझी पुंजी. तरीही हा लेख लिहावासा वाटला, त्याला भित्तिपत्रकावरून झालेले एक भांडण कारण आहे.

गेल्या पावसाळ्यात आमच्या भित्तिपत्रकासाठी ‘पाऊस’ हा विषय ठरला. चित्रे देण्यास पंधरा दिवसांची मुदत होती. शेवटच्या दिवशी अकरा चित्रे आली, आणि त्यांतील सात चित्रांत छत्री! त्यातही दोन चित्रांत वाऱ्याने उलटी झालेली छत्री आणि तिच्यामागे धावणारा मुलगा, असे अगदी एकसारखे. त्या दोहोंपैकी एक चित्र माझे होते. कल्पना चोरल्याचा आळ माझ्यावर आला. वास्तविक माझे चित्र मुदतीपर्यंत घरी पत्र्याच्या पेटीत होते आणि दुसऱ्या मुलीचे तिच्या घरी. आम्ही दोघींनी आपापली चित्रे इतकी जपून लपवली होती की चोरी करायला वावच नव्हता. पहिल्याच आठवड्यात सर्वांनी आपापली कच्ची रेखाटने एका टेबलावर मांडली असती, तर सातांपैकी पाच छत्र्या तरी मिटल्या असत्या.

मग आम्ही ती का मांडली नाहीत? ग्रेड परीक्षेत ‘स्मरणचित्र’ नावाची एक प्रश्नपत्रिका असते, हे वाचकांपैकी पुष्कळांना आठवत असेल. सभागृहातील सगळी मुले दिलेल्या त्याच दोन-चार विषयांवर चित्र काढतात, पण शेजारच्याच्या कागदाकडे नजर वळली तर पर्यवेक्षक दटावतात. परीक्षेत ते योग्यच. मात्र एका विषयावर अनेकांनी चित्र काढायचे म्हणजे प्रत्येकाने आपला कागद हाताच्या आडोशाला धरायचा, अशी सवय आपल्याला तेथे लागते. माझ्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. चित्राचा कागद दुकानातून एकेक सुटा आणायचा आणि तो वाया घालवायचा नाही, अशी घरची शिस्त. त्यामुळे चित्र पहिल्या फटक्यातच बरोबर यायला हवे, आणि जे चुकले ते कोणाला दिसता कामा नये, असे मनाने घेतले होते.

या भांडणानंतर ग्रंथालयात इंग्रजी चित्रकलेच्या इतिहासावरची काही पुस्तके शब्दकोश शेजारी ठेवून चाळली. तेव्हा कळले की आमच्या भित्तिपत्रकाचाच प्रकार लंडनमध्ये सव्वादोनशे वर्षांपूर्वी होत होता, आणि आमच्याहून शहाणपणाने होत होता.

दिनांक 20 मे 1799, सोमवार. रॉबर्ट केर पोर्टर या चित्रकाराच्या खोलीवर सात जण संध्याकाळी जमले. सर जोशुआ रेनॉल्ड्स या थोर चित्रकाराने पूर्वी याच खोलीत काम केले होते. जमलेल्यांत टॉमस गर्टिन हा चोवीस वर्षांचा जलरंगचित्रकार होता आणि लुई फ्रांसिया हा मंडळाचा चिटणीस. कवितेतील एखादा उतारा घ्यायचा आणि त्यावर प्रत्येकाने स्वतःच्या कल्पनेने निसर्गचित्र रचायचे, असा त्यांचा संकल्प होता. हे सारे आपल्याला इतके तपशिलाने ठाऊक आहे, कारण फ्रांसियाने त्या रात्रीच्या आपल्या चित्रामागेच तारीख, जागा, हेतू आणि सदस्यांची नावे लिहून ठेवली. ते चांदण्या रात्रीचे चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. चित्राची पाठ कोरी न ठेवण्याची ही सवय आपणही लावून घ्यावी.

पुढे ‘ब्रदर्स’ म्हणजे ‘बंधू’ या नावाने ओळखल्या गेलेल्या या मंडळाचे नियम साधे होते. बैठक पाळीपाळीने एकेकाच्या घरी भरायची. सहा वाजता जमायचे, चहा किंवा कॉफी घ्यायची आणि दहापर्यंत काम करायचे, मग साधेसेच जेवण. कागद, रंग आणि कुंचले यजमानाने पुरवायचे आणि त्या रात्रीची सर्व चित्रे यजमानाची व्हायची.

या शेवटच्या नियमावर मी बराच विचार केला. प्रथम तो मला अन्यायाचा वाटला. चार तास खपून काढलेले चित्र दुसऱ्याच्या घरी ठेवून यायचे! पण कागद आपला नाही आणि चित्रही आपल्याकडे राहणार नाही, म्हटल्यावर हात मोकळा होत असणार. कागद फुकट गेल्याचे दुःख नाही, की ‘हे माझे चित्र’ म्हणून मिरवण्याची सोय नाही. शिवाय पाळी प्रत्येकाची येणारच. तरीही त्यांच्यात एखादा अगदीच ओढगस्तीचा सदस्य असता, तर सहा-सात जणांचा कागद आणि जेवण यांचा खर्च त्याला पेलला असता का, ही शंका माझ्या मनातून जात नाही. गर्टिन 1802 मध्ये वयाच्या सत्ताविसाव्या वर्षीच वारला. त्यानंतर 1808 मध्ये शॅलन बंधू आणि फ्रान्सिस स्टीव्हन्स यांनी त्याच धर्तीवर काढलेली ‘स्केचिंग सोसायटी’ मात्र 1851 पर्यंत चालली.

या मंडळांत सर्वजण एका खोलीत, एकमेकांच्या देखत काम करीत. कच्ची कल्पना दाखवावी की नाही, हा प्रश्नच तेथे उद्भवत नसे. तो उद्भवला 1848 मधील ‘सायक्लोग्राफिक सोसायटी’त, आणि मला सर्वांत जवळची वाटते ती हीच. येथे सदस्य आपापल्या घरी रेखाटन काढीत आणि एका फाइलीत घालीत. ती फाइल एकाकडून दुसऱ्याकडे फिरे, आणि प्रत्येक रेखाटनासोबत असलेल्या कागदावर इतरांनी आपले मत सहीनिशी लिहायचे. सदस्यांत होते डांटे गेब्रिअल रोझेटी, विल्यम होल्मन हंट आणि जॉन एव्हरेट मिले. मिले त्या वर्षी जूनमध्ये एकोणीस वर्षांचा झाला होता, म्हणजे माझ्याच वयाचा.

त्या जुलैमध्ये रोझेटीने गटेच्या ‘फाउस्ट’मधील चर्चचा प्रसंग रेखाटला: प्रार्थनेला आलेली ग्रेचेन आणि तिच्या मागे सैतान. त्यावर मिलेने लिहिलेला अभिप्राय आजही उपलब्ध आहे. रचना कल्पक आहे, पुढच्या बाजूची मुलगी आणि मूल फार सुंदर उतरले आहेत, असे तो म्हणतो. पण सैतान त्याला पसंत नाही. टोपडीतून वर आलेली शिंगे त्याला सर्रास आणि म्हणूनच आक्षेपार्ह वाटतात. पाठमोरी आकृती विनाकारण बुटकी झाली आहे. विषयाची निवड मात्र चांगली आहे, थोडे बदल करून हे चित्र रंगवावे, अशी तो शिफारस करतो. आणि हे सगळे लिहून झाल्यावर शेवटी एकच तुटक शेरा: खुर्च्या यथादर्शनात चुकल्या आहेत!

हा अभिप्राय मी पुनःपुन्हा वाचला. ‘छान’ किंवा ‘जमले नाही’ असे मोघम काही त्यात नाही. शिंगे, उंची, खुर्ची अशा एकेका जागेवर बोट ठेवले आहे. चित्र अजून कच्चे आहे, हे लिहिणारा आणि वाचणारा दोघांनाही ठाऊक आहे, म्हणून हे शेरे निकालासारखे वाटत नाहीत. रंगवून चौकटीत बसवलेल्या चित्राविषयी ‘खुर्च्या चुकल्या’ म्हणणे म्हणजे केवळ दुखावणे. तेच पेन्सिलीच्या रेषांविषयी म्हटले तर अर्ध्या तासात दुरुस्ती होते.

कल्पनाचोरीच्या भीतीचे उत्तरही याच मित्रांकडे सापडते. कीट्सच्या ‘इसाबेला’ या काव्यावर चित्रमालिका करण्याचा बेत त्यांनी त्याच वर्षी आखला. श्रीमंत भावांची बहीण आणि त्यांच्याच पेढीवरचा नोकर लोरेन्झो यांच्या प्रेमाची ती कथा. हंटने लोरेन्झोला वखारीत मेजाशी बसलेला दाखवले. मिलेने भोजनाची पंगत निवडली. एक भाऊ अडकित्त्याने अक्रोड फोडता फोडता लांब पाय पसरून बहिणीच्या कुत्र्याला लाथ मारतो आहे, आणि पुढचा सारा अनर्थ त्या एका पायात दिसतो. मिलेच्या या कल्पनेचे तैलचित्र होऊन ते 1849 मध्ये प्रदर्शित झाले, आणि आज लिव्हरपूलच्या वॉकर आर्ट गॅलरीत आहे. एकाच काव्यावर काम करूनही कोणाला कोणाचे काही चोरावे लागले नाही. मंडळ मात्र फार काळ टिकले नाही. सदस्यांची तयारी सारखी नव्हती, आणि सप्टेंबर 1848 मध्ये या तिघांनी आणखी चौघांसह ‘प्री-रॅफेलाइट’ बंधुमंडळ वेगळे स्थापन केले. फाइल फिरवणे दिसते तितके सोपे नसावे.

हल्ली असे उपक्रम जगभर चालतात. जेक पार्कर या अमेरिकन चित्रकाराने 2009 मध्ये स्वतःचा शाईचा हात सुधारावा म्हणून ‘इंकटोबर’ सुरू केला: ऑक्टोबरचे एकतीस दिवस, रोज एक शाईचे चित्र. पुढे रोजच्या विषयाची यादीही निघू लागली. त्यात पूर्ण झालेली चित्रे मोबाइलवर पाहून आपण थक्क होतो. पण मला जास्त शिकायला मिळते ते एखादा चित्रकार खालची पेन्सिल किंवा रद्द केलेल्या तीन कल्पना दाखवतो तेव्हा.

दिवाळीनंतरच्या भित्तिपत्रकाचा विषय ‘आठवडी बाजार’ होता. या वेळी आम्ही एक फाइल फिरवली. कागद मंडळाच्या वर्गणीतून घेतले. एका मुलाने दुसऱ्याच दिवशी आपले रेखाटन काढून घेतले. त्याला शेरे सहन झाले नाहीत, आणि त्याच्यावरचा एक शेरा खरोखरच कुचेष्टेचा होता. मी बांगड्यांचे दुकान काढले होते. त्याखाली तीन शेरे आले. कासारणीचा डावा हात उजव्यापेक्षा लांब आहे. गिऱ्हाईक कोठे पाहते आहे ते कळत नाही. मागची छत्री कशाला? तिसरा शेरा पावसाच्या वेळी माझ्याशी भांडलेल्या मुलीच्या अक्षरात होता. छत्री मी खोडली.