हिमनद्यांची घट आणि लडाखची शेती

लडाखमधील लेह परिसरात वर्षाकाठी पाऊस व बर्फ मिळून सुमारे १०० मिलिमीटर एवढेच पाणी पडते. तरीही तेथे जव, गहू, वाटाणा ही पिके घेतली जातात. डोंगरमाथ्यावरील हिमनद्यांचे बर्फ उन्हाळ्यात वितळते व पाटाने शेतात येते. हिमनदी हेच तेथील शेतकऱ्यांचे धरण होय. हे धरण आता आटत चालले आहे.

बर्फ का घटते?
कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळल्याने हवेत कार्बन डाय-ऑक्साईड वायू मिसळतो. हा वायू जमिनीतून परत जाणारी उष्णता अडवून धरतो. कारखानदारी वाढण्यापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत त्याचे प्रमाण सुमारे २८० भाग होते. ते १९५८ साली सुमारे ३१५ होते, तर २०२४ मध्ये ४२० च्या वर गेले. त्यामुळे हवामान तापले. हिंदुकुश-हिमालयातील हिमनद्या २०११ ते २०२० या काळात आधीच्या दशकापेक्षा ६५ टक्के अधिक वेगाने घटल्याचे आढळून आले आहे.

पेरणीची अडचण
लडाखमध्ये पेरणी एप्रिल-मे महिन्यांत करावी लागते. हिमनदी फार उंचावर असल्याने तिचे पाणी जूनच्या सुमारास उतरते. पेरणी लांबली तर पीक तयार होण्यापूर्वीच थंडी पडते. हिमनदी जसजशी वर सरकते, तसतशी ही अडचण वाढते.

कृत्रिम हिमनदी
अभियंता चेवांग नोरफेल यांनी १९८७ मध्ये यावर उपाय केला. हिवाळ्यात ओढ्याचे पाणी वाया जाते. ते चर काढून गावाच्या वरच्या बाजूस, सावलीच्या उतारावर वळवावे. दगडांचे बुटके बांध घालून प्रवाह मंद करावा. म्हणजे पाणी थराथराने गोठते. ही जागा कमी उंचीवर असल्याने बर्फ नेमके पेरणीच्या वेळी वितळते.

मात्र हिवाळ्यात ओढाच आटला किंवा पुरेशी थंडी पडली नाही, तर हा उपाय चालत नाही. वायूचे प्रमाण कमी करणे हाच मूळ इलाज आहे.

आपल्या गोदावरी, कृष्णा पावसावर वाहतात, बर्फावर नव्हे. परंतु वाया जाणारे पाणी गरजेच्या वेळेसाठी अडवून ठेवावे, हा लडाखच्या शेतकऱ्यांचा धडा आपल्या शिवारातही तितकाच उपयोगी आहे.